सहा नंबरचा बझर

कात्रीचं टोक उभ्या धाग्यांच्या दाट पडद्यात घालून तिने बरोबर एक धागा कापला. त्या धाग्यावर लटकलेली पातळ पोलादी पत्ती खाली पट्टीवर पडली, वीज जुळली आणि सहा नंबरच्या मागाच्या डोक्यावर बसवलेला बझर किंचाळला. ऐंशी मागांच्या खडखडाटातून सुई आरपार जावी तसा. पलीकडच्या रांगेतला तरणा कारकून कानात बोट घालून गर्रकन वळला. बझरपासून दोन हातांवर पाठमोरा उभा असलेला तिचा बाप मात्र मानेवरचा घाम पुसत राहिला.

तिला वाटलं, रुसलाय. ती शेडमध्ये काम करायला लागून तीन दिवस झाले होते आणि तेवढ्या वेळात बापाने तिच्या यंत्राबद्दल मोजून दोन वाक्यं खर्च केली होती. पहिलं, "झुरळाएवढं दिसतंय." दुसरं, "बघू." एकतीस वर्षांचा जॉबर माणूस. ऐंशी मागांच्या दुखण्याखुपण्याचा वैद्य. शेडमध्ये त्याला सगळे ‘कानसेन’ म्हणत, कारण दारात उभा राहून, डोळे मिटून, कोणत्या मागावर धागा तुटला ते तो सांगतो अशी त्याची ख्याती होती. अशा माणसाला पोटच्या पोरीने बझर आणून द्यायचा, म्हणजे सुगरणीच्या हातात मिठाचं माप देण्यासारखंच. रुसणारच.

तिने दुसरा धागा कापला. या वेळी तिने बझर लगेच बंद केला नाही, किंचाळू दिला. बापाने खाली वाकून सूतगुंडा उचलला, बोटांत चुरगाळला आणि खिशात घातला.

तेव्हा सहा नंबरचा माग चालवणाऱ्या, बापासमोर उभ्या असलेल्या बाईने मान वर केली. त्या शेडमध्ये कुणी तोंडातून आवाज काढायच्या भानगडीत पडत नसे, काढला तरी तो पोचायचा नाही. सगळं बोलणं ओठांवर चाले. भांडणंसुद्धा. सहा नंबरवालीचे ओठ दोनदा हलले आणि बाप तत्काळ वळला. बझरकडे बघून त्याने जाणत्यासारखी मान डोलावली.

"ऐकलं," तो म्हणाला. "आवाज जरा बारीक आहे."

तिने बझर बंद केला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या पट्टीचा स्क्रू पिळत बसली. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.

जेवणाच्या सुट्टीत माग एकेक करून थांबले. सहा नंबरवाली खिडकीखालच्या बाकावर डबा उघडून बसली होती. लेक तिच्या शेजारी जाऊन बसली, उठली, पाणी आणायला गेली आणि पाणी न आणताच परत आली.

"मावशी, मघाशी बाबांना काय सांगितलंत?"

"कधी?"

"बझर वाजत होता तेव्हा."

"म्हटलं, लेक रडकुंडीला आलीय, वळा जरा."

"खरं सांगा."

"अगं, मी बोललेच नाही. ओठ हलले माझे. ओठ हलले म्हणजे बोललं, असं कुठे लिहिलंय?"

"त्यांना ऐकू येत नाही का?"

सहा नंबरवालीने घास पुरता चावला. कुणाला किती सांगायचं याचं तिचं माप ठरलेलं होतं आणि आता ते ती डोळ्यांनी भरत होती.

"इथे कुणाला धड ऐकू येतं? मला माझ्या सासूचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढा एक फायदा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "दोन नंबर शेडचा जॉबर आठवतो? गेल्या वर्षी मालकांनी त्याला मागून हाक मारली. तो वळला नाही. दुसऱ्या दिवसापासून गोदामात. बत्तीस वर्षं मागांची नाडी बघितली, आता गाठोड्यांवर शिक्के मारतोय. जॉबरला कान हवा, हा मालकांचा नियम. तुझ्या बापाच्या निवृत्तीला अकरा महिने उरलेत."

"पण ते तर दारातून सांगतात, कुठला धागा..."

"सांगतो ना. या रांगेत आम्ही नऊ जणी आहोत. धागा तुटला की जिच्या मागावर तुटला ती ओठांनी नंबर सांगते. तो डोळे मिटून ऐकतो." ती हसली. "पूर्ण मिटत नाही, एवढंच."

लेकीने डब्याच्या झाकणाकडे बघितलं.

"इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं," सहा नंबरवाली म्हणाली. "आता तू आलीस. धागा तुटला की बझर. आमचे ओठ उघडायच्या आत सगळ्या शेडला कळणार. एक कानसेन सोडून."

सुट्टी संपली तरी लेक तिथेच बसून होती. आवाज तिनेच निवडला होता, विचार करून. मागांचा गडगडाट जाड असतो. जाड आवाजावर दुसरा जाड आवाज चढवला तर तो बुडतो. म्हणून तिने पातळ, तीक्ष्ण आवाज घेतला, गर्दीतून वाट काढणारा. वीस-तीस वर्षं मागांपुढे उभ्या राहिलेल्या कानांतून हाच पातळ आवाज सर्वांत आधी ऐकू येईनासा होतो, हेही ती कॉलेजात शिकली होती. पण वेगळ्या धड्यात. एका धड्याला दुसऱ्या धड्याची गाठ पडायला तीन दिवस लागले होते.

मालकांनीही बझरच मागितला होता. ‘दिवा लावू की आवाज?’ असं तिने विचारलं तेव्हा ते तिच्याकडे रोखून बघत म्हणाले होते, "आवाज! दिव्याकडे बघायला मान उचलावी लागते. कान काय, उघडाच असतो. आणि आमच्याकडे कानसेन आहे!" शेजारी उभी असूनही मालक तिच्याशी ओरडूनच बोलले होते. शेडमध्ये आयुष्य काढलेली माणसं बाहेर तशीच बोलतात. मालक तर उमेदीची बारा वर्षं स्वतः माग चालवून वर आलेले.

दुपारी कारकून निरोप घेऊन आला.

"परवा दहा वाजता चाचणी. मालक स्वतः येणार. कानसेननी शेडच्या त्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बझर वाजला की हात वर. त्या टोकाला ऐकू गेला, तर ऐंशी मागांचं काम ताईंना."

"भिंतीकडे तोंड कशाला?" तिने विचारलं.

"मालक म्हणाले, बघून हात वर केला तर ती कानाची परीक्षा कसली?"

बाप तिथेच उभा होता, कारकुनाच्या ओठांसमोर. त्याने मान हलवली. "चालेल की," तो म्हणाला आणि बारा नंबरच्या मागाकडे निघून गेला. तिथे कुणी बोलावलं नव्हतं. मागही ठीक होता. तरी तो बराच वेळ तिथे तळहात टेकून उभा राहिला.

*

"बस की जरा," आई म्हणाली. "भिंगरीसारखी फिरतेस."

बाप अजून न्हाणीत होता. ती टेबल पुसत होती, दुसऱ्यांदा.

"आई, किती वर्षं झाली?"

कशाला, असं आईने विचारलं नाही. "सहा. आधी डावा. उजव्याने वर्षभर ओढलं, मग तोही गेला. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. ढोल वाजला तर कळतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी डॉक्टर घेऊन आली असतीस. कानात यंत्र घालून शेडमध्ये गेले असते, तर त्याच दिवशी गोदाम. आणि तुझ्यापुढे त्यांना कानसेनच राहायचं होतं."

"मी रोज फोन करत होते! त्यांच्याशी बोलत होते!"

"तू बोलत होतीस," आई म्हणाली. "मी शेजारी बसून ऐकत होते. एक बोट दाखवलं की त्यांनी ‘हो’ म्हणायचं. दोन दाखवली की ‘बरं बरं’. मूठ दाखवली की ‘काळजी घे’."

तिला हसू फुटलं. मग ते अर्ध्यावर थांबलं. शहरातल्या खोलीवरून तिने केलेले चार वर्षांचे फोन तिच्या डोळ्यांपुढून गेले. परीक्षेत पहिली आले, बाबा. — बरं बरं. नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर स्वतःचं काम सुरू करतेय, बाबा. — हो. या शेवटच्या ‘हो’वर तिने केवढी मोठी उडी मारली होती. बाप पाठीशी आहे, असं धरून.

"नोकरी सोडते म्हटलं तेव्हा एक बोट कुणी दाखवलं?"

"मी," आई म्हणाली. "मूठ दाखवणार होते. म्हटलं, जाऊ दे."

बाप बाहेर आला आणि त्याच्या नेहमीच्या जागी बसला. तिथून दोघींची तोंडं सरळ समोर येत. ही जागा त्याला वाऱ्यासाठी आवडते, अशी आजवर तिची समजूत होती.

"बाबा, बझरऐवजी दिवा लावला तर?"

"मालकांनी बझर सांगितलाय ना?"

"सांगितलाय. पण मी त्यांना पटवीन."

"ठरलेलं मोडू नये. तुझं पहिलंच काम आहे." त्याने ताटात बोट फिरवलं. "मी उभा राहीन. येईल ऐकू."

ते तो ताटाकडे बघून म्हणाला. पुढे ती काय बोलली ते त्याने बघितलं नाही, त्यामुळे ते बोलणं झालंच नाही.

*

बुधवारी तिने हात लावायला काही शिल्लक ठेवलं नाही. बझर काढून जाड आवाजाचा भोंगा लावला. तो मागांच्या गडगडाटात असा विरून गेला, की सहा नंबरवालीने ओठांनी विचारलं, ‘लावलास का?’ दोन भोंगे लावले. मग जाड आणि बारीक एकत्र लावून बघितले. कारकून येऊन म्हणाला, "ताई, म्हैस आणि मांजर भांडतायत असं वाटतंय." ताणा ढिला पडला तर कळावं म्हणून धाग्यांच्या पडद्याखाली तिने स्प्रिंगवर एक दांडी बसवली होती. धागे सैल झाले की दांडी वर उचलली जाऊन खटका दाबायची. ती दांडी सोमवारपासून नीट चालत होती. तिने ती विनाकारण उघडली, स्प्रिंग ताणली, पुन्हा बसवली आणि ताठ ताण्यावरही खटका पडायला लागला. तासभर ते निस्तरण्यात गेला.

बाप लांबून बघत होता. एकदा जवळ आला, ताण्यावरून तळहाताची मागची बाजू फिरवली आणि म्हणाला, "ताणा बरोबर आहे. स्प्रिंगच जास्त ओढलीस."

"कळलं."

"चांगलं चाललेलं उघडू नये."

"कळलं म्हटलं ना, बाबा!"

हे ती मान खाली घालून ओरडली. बाप वाट बघत उभा राहिला. ती मान वर करीना, तेव्हा निघून गेला.

तिसऱ्या प्रहरी तिने हातपाय धुतले, बाकावर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत बसून राहिली. तिचं ठरलं होतं. उद्या बझर वाजणारच नव्हता. न वाजलेल्या बझरला हात वर न करणारा माणूस बहिरा ठरत नाही. यंत्र लावणारी पोरगी बिनकामाची आहे, एवढंच ठरेल. ऐंशी मागांचं काम जाईल. मैत्रिणीला काय सांगायचं ते नंतर बघता येईल. बापाचे अकरा महिने तेवढे सुटतील.

गुरुवारी साडेनऊला तिने शिडीवर चढून बझरची तार सोडवली आणि टोक पट्टीआड दडवलं. सहा नंबरवालीने ते बघितलं आणि धोटा बदलण्याच्या कामात मन घातलं.

*

मालक दहाला पाच मिनिटं कमी असतानाच आले. आल्याआल्या त्यांनी पत्त्यांची रांग बघितली, दांडी दाबून बघितली, "छान! छान!" असं दोनदा ओरडले. बाप शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धुतलेला सदरा घालून आला होता. एवढ्या लांबून तो लहान दिसत होता, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

"चला!" मालक म्हणाले.

सहा नंबरवालीने कात्री घातली. धागा तुटला. पत्ती पडली.

लेकीच्या तोंडात वाक्य तयार होतं: माफ करा मालक, काहीतरी राहिलं, मला जमलं नाही. ते बोलायच्या आधी, सवयीने, तिची नजर वर बझरकडे गेली.

मालकांनी पडलेली पत्ती बघितली. तिचं वर उचललेलं तोंड बघितलं. मग त्यांनीही बझरकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! खणखणीत आहे!"

तिने तयार वाक्य गिळून टाकलं.

"अरे, पण कानसेनचा हात कुठाय?" मालक शेडच्या टोकाकडे वळले. "अहो कानसेन! वाजला की!"

बाप भिंतीकडे बघत उभा होता. कारकुनाचं तोंड उघडलं, तसंच मिटलं. सहा नंबरवालीने हसू दातांत धरलं.

"काय रे," मालक कारकुनाला म्हणाले, "वाजला ना?"

कारकुनाचे कान शाबूत होते आणि नोकरीही प्यारी होती. दोन्ही एकाच वेळी सांभाळायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती. "म्हणजे... मालक..." असं म्हणून तो स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला.

मालकांनी रांगेतल्या बायकांकडे बघितलं. एकेकीच्या तोंडावरून त्यांची नजर सावकाश पुढे सरकत गेली, बेरीज जुळत नाही म्हणून माणूस पुन्हा वरच्या आकड्यापासून सुरुवात करतो तशी. शेवटी ती लेकीवर येऊन थांबली. त्यांच्या चेहऱ्यावरचा मालक कुठेतरी गेला होता. मागापुढे बारा वर्षं उभा राहिलेला एक म्हातारा तिच्याकडे बघत होता.

‘वाजला’ म्हटलं तर बाप गोदामात. ‘वाजला नाही’ म्हटलं तर सगळ्या शेडसमोर मालक उघडे.

"मालक," ती म्हणाली, "या खडखडाटात बझर वाजला काय नि न वाजला काय, सारखंच आहे. माझी निवड चुकली. इथे आवाजाचं काम नाही, दिव्याचं आहे."

मालक तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटचा शब्द संपल्यावरही क्षणभर.

"दिवा," ते म्हणाले.

"हो."

"लाल?"

"लाल. मोठा. कुठूनही दिसेल असा."

"मग आधीच का नाही लावलात? शिकलेली माणसं तुम्ही!" मालक परत आले होते. "ऐंशीच्या ऐंशी मागांवर लावा." ते निघाले, दोन पावलं जाऊन थांबले आणि कारकुनाला म्हणाले, "आणि लिहून घे, आज यंत्राची परीक्षा होती. माणसाची नव्हती."

कारकुनाजवळ लिहायला काहीच नव्हतं. त्याने मान हलवून लिहून घेतलं.

*

शेडच्या त्या टोकापर्यंत ती चालत गेली. बाप तसाच उभा होता. सदरा पाठीला चिकटलेला. उजवा हात कोपरात वाकवून त्याने छातीपाशी धरला होता, केव्हाही वर नेता यावा असा. मागून हात न लावता ती वळसा घालून भिंत आणि त्याच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

"संपलं?" त्याने विचारलं.

"संपलं. काम मिळालं."

"मी हात वर केला नाही."

"बरोबर केलंत. वाजलाच नव्हता."

हे त्याने दोनदा वाचलं असावं. "न वाजता काम मिळालं?"

"मालक म्हणाले, खणखणीत वाजला."

 बापाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, बिनआवाजाचा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. वाकवलेला हात त्याने खाली सोडला, झटकला.

"त्यांना चार वर्षं झाली," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या महिन्यातच कळलं."

"कसं?"

"सोपं आहे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाहीत ते. तोंडाकडे बघत असतात."

बोलून गेला आणि थांबला. त्याची नजर तिच्या ओठांवर होती. दुसरीकडे न्यावी तर पुढचं कळणार नाही, तिथेच ठेवावी तर हे असं. तो तसाच उभा राहिला. तिनेही तोंड फिरवलं नाही. मागे माग चालले होते. खालची फरशी दोघांच्याही पायांना सारखीच हादरत होती.

मग तिने घाई न करता, एकेक शब्द नीट ओठांवर आणून विचारलं, "दिवे कुठे लावू, बाबा? तुम्हाला दारातून दिसायला हवेत."

तो वळला. ऐंशी मागांच्या रांगांवरून, एक डोळा बारीक करून, त्याने दारापर्यंत नजर नेली आणि सहा नंबरकडे बोट केलं.

"तू बझर लावलास तिथे नको," तो म्हणाला. "खांब आड येतो. जरा वर घे."